कबाडातला इंकजेट प्रिंटर: सेन्सर शिकायला घ्यावा का?

घरोघरचे माळे, झेरॉक्सच्या दुकानांचे मागचे कोपरे आणि कबाड्यांचे ढीग, या तिन्ही ठिकाणी बंद पडलेले इंकजेट प्रिंटर पडून असतात. शाईच्या नव्या सेटची किंमत मशीनच्या किमतीला भिडली की लोक ते काढून टाकतात, त्यामुळे नागपुरात असा प्रिंटर मिळवायला फार फिरावं लागत नाही. हा रिव्ह्यू त्याच प्रिंटरचा आहे, पण छपाईसाठी नाही. सेन्सर कसे काम करतात हे स्वतःच्या हातानं समजून घ्यायचं असेल तर ही वस्तू घेण्यासारखी आहे का, एवढाच प्रश्न. उत्तर आधीच सांगतो: नक्की घ्या. कॅरेजच्या, म्हणजे छपाईचं हेड घेऊन डावी-उजवीकडे धावणाऱ्या भागाच्या, मागची पारदर्शक पट्टी आणि ती वाचणारा नखाएवढा सेन्सर, एवढ्यानंच पैसे वसूल होतात.

खोलण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या, म्हणजे आत काय शोधायचं ते कळेल. इंकजेट प्रिंटर बघतो फार कमी आणि मोजतो फार जास्त. ट्रेमध्ये कागद आहे का, हे बहुतेक स्वस्त मॉडेलांना ठाऊकच नसतं. टाकीत शाई किती उरली, हेही अनेकांना दिसत नाही. वाया गेलेली शाई शोषणारा पॅड भरला की नाही, हे तर कोणताच सेन्सर तपासत नाही. आत खरोखरचे ‘डोळे’ तीन-चार, बाकी सगळा हिशोब. त्यामुळे प्रिंटरची बरीच दुखणी ही हिशोब आणि वस्तुस्थिती यांची फारकत झाल्याची दुखणी असतात. हे एकदा समजलं की दुरुस्तीही सोपी वाटायला लागते.

घेताना काय बघायचं? स्कॅनर असलेलं ऑल-इन-वन मॉडेल घ्या. सुटे भाग जास्त मिळतात. कव्हर उघडून कॅरेज हातानं डावी-उजवीकडे सरकवा. ती अडखळत का होईना, पण सरकली पाहिजे. तिच्या मागे फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली करड्या रंगाची प्लास्टिकची पट्टी जागेवर आहे ना, ते बघा. ती तुटलेली किंवा गायब असेल तर तो प्रिंटर सोडून द्या. चपट्या पांढऱ्या केबली कापलेल्या नकोत. कबाडी तांब्यासाठी मोटारी आणि पॉवर सप्लाय आधीच उपटतात, म्हणून शक्यतो ढिगात जायच्या आधीचा प्रिंटर, म्हणजे दुरुस्तीच्या दुकानात पडून असलेला, गाठा. मोटार दिसत असेल तर तिच्या तारा मोजा. दोन तारा म्हणजे साधी डीसी मोटार, आणि मग तिच्या जोडीला एन्कोडर, म्हणजे ती पट्टी आणि तिच्या रेघा मोजून जागा सांगणारा सेन्सर, असणारच. चार किंवा जास्त तारा म्हणजे स्टेपर, ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटार. अशा जुन्या मॉडेलांत एन्कोडर नसण्याचीच शक्यता जास्त. भाव किलोवर ठरत असेल तर उत्तम. सुरू होतोय म्हणून जास्त पैसे मागितले तर थोडे द्यायला हरकत नाही, कारण चालू बोर्ड असलेला प्रिंटर शिकायला दुप्पट कामाचा. लेझर प्रिंटर चुकून उचलू नका; त्यातली टोनरची पूड घरभर होते आणि या कामाचं त्यात फारसं काही नसतं.

हत्यारं साधीच लागतात: फिलिप्सचा मध्यम पेचकस, एचपीच्या मशीनसाठी टी-८ आणि टी-१० टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचे पेचकस), चिमटा, मल्टीमीटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडण्या करायची पाटी), एक आर्डुइनो उनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड), २२० ओहमचे आणि १० किलोओहमचे थोडे रेझिस्टर. जुने पेपर आणि हातमोजे विसरू नका. शाईच्या पॅडला बोट लागलं तर डाग चार दिवस जात नाही. आणि एक गंभीर इशारा: पॉवर सप्लायची डबी उघडू नका. घरच्या २३० व्होल्टच्या एसी विजेचं डीसीत रूपांतर झाल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. डबीतून बाहेर येणारा दाबही मॉडेलनुसार ४२ व्होल्टपर्यंत असू शकतो. तो सरळ आर्डुइनोला जोडला तर आर्डुइनो गेलाच म्हणून समजा.

प्रिंटर सुरू होत असेल तर पहिला धडा खोलण्याआधीच मिळतो. वरचं कव्हर उघडं ठेवून पॉवर द्या. झाकणाचा स्विच असेल तर तो पेन्सिलीच्या टोकानं दाबून ठेवा. कॅरेज हळूच एका टोकाकडे जाते, बहुतेक मॉडेलांत उजवीकडे, आणि फ्रेमला अलगद टेकते. तिथे शून्याची जागा सांगणारा वेगळा सेन्सर बऱ्याच मॉडेलांत नसतोच. मोटारीला वीज मिळतेय पण एन्कोडरचे आकडे पुढे सरकत नाहीत, यावरूनच प्रिंटर समजतो की भिंत आली. तेच त्याचं शून्य. मग कॅरेज दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन येते आणि मधलं अंतर बरोबर आहे का याची खात्री करते. रस्त्यात एखादी टाचणी किंवा कागदाचा बोळा अडकला असेल तर भिंत ‘लवकर’ येते आणि प्रिंटर एरर देऊन थांबतो. कॅरेज जॅमची तक्रार आली की सगळ्यात आधी टॉर्च घेऊन तिचा पूर्ण रस्ता बघायचा, तो याचसाठी.

आता कागदाचा सेन्सर. हा सगळ्यात सोपा, म्हणून सुरुवात इथून करा. रोलरच्या मागे काळ्या प्लास्टिकचा एक छोटा लिव्हर दिसेल, स्प्रिंगवर झुलणारा. कागद आला की लिव्हरचं एक टोक ढकललं जातं आणि दुसरं टोक इंग्रजी यू आकाराच्या सेन्सरच्या फटीतून बाहेर येतं, किंवा आत जातं, मॉडेलनुसार उलटसुलट. त्या यूच्या एका भिंतीत इन्फ्रारेड एलईडी असतो, समोरच्या भिंतीत फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड पडला की वीज वाहू देणारा भाग. प्रिंटर चालू असताना तो लिव्हर काडीनं दाबून धरा आणि पॉवर बंद करून पुन्हा सुरू करा. आत कागद अडकलाय असं समजून प्रिंटर रोलर फिरवेल, नसलेला कागद बाहेर काढायचा प्रयत्न करेल, आणि लिव्हर तरीही सुटला नाही की पेपर जॅम दाखवेल. कागद नसताना जॅम दाखवणाऱ्या मशीनमध्ये पुष्कळदा एवढंच झालेलं असतं: लिव्हरच्या मुळाशी कागदाचा कपटा, नाहीतर स्प्रिंग निसटलेली.

उलट बाजूचा घोळ म्हणजे ट्रे भरलेला असताना ‘कागद संपला’ अशी तक्रार. ट्रेमध्ये सेन्सर नसतो हे लक्षात ठेवलं की कोडं सुटतं. प्रिंटर पिक-अप रोलर ठरावीक अंतर फिरवतो आणि लिव्हर हलायची वाट बघतो. हलला नाही की कागद नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणून डोळ्यांनी बघा. कागद जागचा हललाच नाही, तर दोष रोलरचा. त्याचं रबर गुळगुळीत झालंय किंवा त्यावर धूळ बसलीय, ओल्या कापडानं पुसा. कागद आत गेला, कोराच बाहेर आला आणि वर ‘कागद संपला’ असा संदेश आला, तर दोष लिव्हर किंवा सेन्सरचा. या एका निरीक्षणावर अर्धा तास वाचतो, आणि गरज नसताना रोलर बदलायचा खर्चही.

नागपुरात यात कूलरची भर पडते. एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलर चालतो आणि प्रिंटर बहुतेक वेळा त्याच्याच झोतात असतो. दमट हवेनं ट्रेमधले कागद लहरी होतात, एकमेकांना चिकटतात, दोन-दोन एकदम ओढले जातात. मग कागदाचं मागचं टोक प्रिंटरच्या हिशोबापेक्षा उशिरा लिव्हरवरून सुटतं आणि मशीन जॅम दाखवतं. सेन्सर बदलून हे बरं होत नाही. प्रिंटर झोतातून बाजूला घ्या, कागद पाकिटात बंद ठेवा, ट्रेमध्ये एका वेळी वीस-पंचवीसच घाला.

सेन्सर काढून ब्रेडबोर्डवर लावताना एक चूक हमखास होते. त्याच्या छोट्या बोर्डावर तीनच तारा येतात: एलईडीची, सिग्नलची आणि दोघांची मिळून ग्राउंड. एलईडीचा रेझिस्टर अनेकदा या बोर्डावर नसतो, तो मुख्य बोर्डावर राहून जातो. तीन तारा बघून लोक सरळ ५ व्होल्ट देतात आणि एलईडी क्षणात जातो. त्यामुळे आधी मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून पाय शोधा. ज्या जोडीवर एका दिशेनं १ ते १.२ व्होल्ट दिसेल तो एलईडी. त्याला २२० ओहमचा रेझिस्टर लावून ५ व्होल्ट द्या. करंट सुमारे १७ मिलिअँपियर होतो, तो सुरक्षित आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून फटीत बघा, जांभळट उजेड दिसला की एलईडी जिवंत. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरा, त्यातला फिल्टर बहुधा सौम्य असतो. सिग्नलच्या तारेला १० किलोओहममधून ५ व्होल्ट जोडा आणि तिथला दाब मोजा. फट मोकळी असताना जवळजवळ शून्य, लिव्हर मध्ये आला की ५ च्या जवळ.

इथे थोडं थांबून एक प्रयोग जरूर करा. लिव्हरच्या जागी फटीत साधा ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा कागद घाला. दाब अनेकदा ५ पर्यंत जातच नाही, मध्येच कुठेतरी रेंगाळतो, कारण साध्या कागदातून इन्फ्रारेड बऱ्यापैकी आरपार जातो. दोन पदरी घाला, चार पदरी घाला, आकडा चढत जाईल. कागद ओळखायला मध्ये काळ्या प्लास्टिकचा लिव्हर का ठेवला, थेट कागदच फटीतून का नेला नाही, याचं उत्तर मल्टीमीटरच्या पडद्यावर दिसतं. हाच प्रयोग खिडकीच्या उन्हात केला तर आकडे बिघडतात. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो आणि फोटोट्रान्झिस्टरला तो एलईडीचाच वाटतो. कव्हर काढलेला प्रिंटर गच्चीवर किंवा पोर्चमध्ये तपासू नका, सावलीत बसा.

आता मुख्य वस्तू. कॅरेजमागची पट्टी दुरून एकसारखी करडी दिसते. भिंगाखाली धरा, नाहीतर मोबाइलच्या मॅक्रोमधून बघा. करडेपणा जातो आणि बारीक काळ्या रेघांची ओळ दिसते, अगदी एकसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नेहमी दिसणारी मापं म्हणजे इंचाला १५० किंवा १८० रेघा. १८० रेघांच्या पट्टीत एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचं अंतर ०.१४१ मिलिमीटर, म्हणजे एक काळी रेघ साधारण आपल्या केसाच्या जाडीची. ही पट्टी कॅरेजच्या पाठीवरच्या सेन्सरच्या फटीतून जाते. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला एक नाही तर बारीक फोटोडायोडची रांगच, आणि आत तुलना करणारं सर्किट. बाहेर येतात दोन स्वच्छ डिजिटल सिग्नल, ए आणि बी, एकमेकांपासून पाव चक्र सरकलेले. ए आधी बदलला तर कॅरेज एका दिशेला, बी आधी बदलला तर दुसऱ्या. दोन्ही सिग्नलांचे चढ-उतार मोजले तर एका रेघेमागे चार मोजण्या मिळतात, म्हणून १८० च्या पट्टीवर इंचाला ७२०, प्रत्येक पायरी ०.०३५ मिलिमीटरची. नवीन विकत घ्यायला गेलात तर इतकं बारीक मोजणारं रेषीय एन्कोडर विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाही. इथे ते भंगाराच्या भावात मिळतं, आणि आमच्या मते या वस्तूचा सगळा गुण इथेच आहे.

पाय ओळखण्याची पद्धत. बोर्ड चालू असेल तर सगळ्यात सोपं: प्रिंटर सुरू करून कॅरेज स्थिर होऊ द्या, मल्टीमीटरचं काळं टोक फ्रेमच्या धातूला लावा. एन्कोडरच्या ज्या पायावर ३.३ किंवा ५ व्होल्ट स्थिर दिसतात तो सप्लाय. कॅरेज बोटानं अगदी हळू सरकवताना ज्या दोन पायांचा दाब शून्य आणि सप्लाय यांच्यात उड्या मारतो ते ए आणि बी. बोर्ड मेलेला असेल तर सेन्सरजवळचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर शोधा. त्याचं एक टोक ग्राउंडला आणि दुसरं सप्लायला असतं. उरलेले दोन पाय चपट्या केबलकडे जातात. सप्लाय ३.३ ला चालतो की ५ ला, याची खात्री नसेल तर ३.३ पासून सुरू करा. त्यावर सिग्नल आला तर आर्डुइनो उनो तो चालवून घेतो, कारण त्याला ३ व्होल्टच्या वरचं ‘हाय’ समजतं. एलईडीचा पाय वेगळा बाहेर आलेला दिसला तर इथेही २२० ओहमचा रेझिस्टर चुकवू नका.

ए उनोच्या पिन २ वर, बी पिन ३ वर, दोन्हीवर इंटरप्ट, म्हणजे सिग्नल बदलताच हातातलं काम थांबवून मोजणी करायला लावणारी सोय. आधीची आणि आताची स्थिती ठेवायची: ०० वरून ०१, मग ११, मग १०, पुन्हा ००. या क्रमानं गेलं तर एक मिळवा, उलट्या क्रमानं गेलं तर एक वजा करा. एकदम ०० वरून ११ वर उडी आली तर ती चूक. वेगळ्या चलात मोजून ठेवा, ती पुढे फार उपयोगी पडते. आता शेजारी स्टीलची पट्टी ठेवून कॅरेज बरोबर १०० मिलिमीटर सरकवा. आकडा २८३५ च्या जवळ आला तर पट्टी १८० ची, २३६२ च्या जवळ आला तर १५० ची. मग कॅरेज दहा वेळा पुढे-मागे नेऊन सुरुवातीच्या ठोकळ्याला पुन्हा टेकवा. आकडा शून्यावर, फार तर एक-दोननं इकडेतिकडे आला पाहिजे. दर फेरीला थोडा थोडा सरकत गेला तर मोजण्या निसटताहेत. हातानं सरकवताना उनो मागे पडत नाही. मोटारीनं सेकंदाला २० इंच नेलं तर सेकंदाला १४,४०० मोजण्या होतात, म्हणजे प्रत्येकीला जेमतेम ७० मायक्रोसेकंद. तेव्हा इंटरप्टमध्ये सीरियल प्रिंट (आकडा कॉम्प्युटरला पाठवणारी आज्ञा) लिहिलेलं असेल तर हमखास हिशोब चुकणार.

दोन प्रिंटरांचे भाग जोडून काम भागवायला जाऊ नका. सेन्सरमधली फोटोडायोडची रांग विशिष्ट रेघांच्या मापाची असते. १५० चा सेन्सर १८० च्या पट्टीवर ठेवला तर ए आणि बी मधलं पाव चक्राचं अंतर बिघडतं आणि आकडे वेड्यासारखे पळतात. पट्टी आणि सेन्सर एकाच मशीनमधून, जोडीनं काढा.

पट्टी मळली की नेमकं काय होतं, हे आता समजेल. समजा दोन मिलिमीटरभर शाई किंवा ग्रीसचा डाग पडला. १८० च्या पट्टीवर तेवढ्यात सत्तावन्न मोजण्या असतात, त्या हरवल्या. प्रिंटरला वाटतं कॅरेज मंदावली, म्हणून तो मोटारीची वीज वाढवतो. कॅरेज प्रत्यक्षात नीटच चाललेली असते, ती आता सुसाट सुटते आणि फ्रेमवर धाडकन आदळते. मशीन बंद, एरर, आणि बाहेर निदान होतं ‘मोटार गेली’ किंवा ‘बोर्ड गेलं’. डाग छोटा असेल तर आदळत नाही, पण छपाईत त्या एकाच जागी उभी रेघ तुटते किंवा सरकते. बिघाड कागदाच्या डाव्या कडेपासून नेहमी तेवढ्याच अंतरावर येत असेल तर डाग पट्टीवर त्याच अंतरावर शोधा.

डाग येतो कुठून, तर बहुधा आपल्याच हातून. कॅरेज अडखळते म्हणून दांड्यावर शिलाई मशीनचं तेल ओततात किंवा गंज काढायचा स्प्रे मारतात. तेल उडून पट्टीवर बसतं आणि त्यावर उन्हाळ्यातली धूळ चिकटते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात स्थिर विजेनंही प्लास्टिकवर धूळ ओढली जाते. पट्टी पुसायची रीत अशी: प्लग काढा, पट्टीची दोन्ही टोकं कशी अडकवली आहेत त्याचा फोटो घ्या. एका टोकाला साधा हूक आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंग, अशी रचना सामान्यपणे असते. स्प्रिंगकडून सोडवा. चष्मा पुसायच्या मऊ कापडाला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर किंचित लावा, पट्टी दोन बोटांत धरून एकाच दिशेनं ओढा, मग कोरड्या कापडानं. ग्रीस असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब. बोअरचं पाणी नको. कूलरच्या जाळीवर बसणारा पांढरा थर ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल अजिबात नाही, रेघाच पुसल्या जातात. स्पिरिटनंही काही पट्ट्यांच्या रेघा उतरतात, त्यामुळे तेही टाळलेलं बरं. परत लावताना पट्टी सेन्सरच्या फटीतूनच गेली पाहिजे, फटीच्या मागून नाही. ही चूक फार जणांकडून होते, आणि पॉवर देताच कॅरेज पूर्ण वेगानं आपटते.

कागद पुढे सरकवणाऱ्या रोलरच्या टोकाला तशाच रेघांची एक गोल चकती असते, तिचं तत्त्व तेच. दुरुस्तीसाठी एक हिशोब कामाचा आहे. रोलरचा व्यास मोजून ३.१४ नं गुणा. छपाईतले आडवे पट्टे बरोबर तेवढ्या अंतरानं परत परत येत असतील तर दोष चकतीवर किंवा त्या रोलरवर. अंतर त्याहून बरंच कमी असेल तर मधल्या एखाद्या गिअरचा दात बघा. चकती पुसताना ती वाकवू नका; ती सेन्सरच्या भिंतीला घासायला लागली की कायमची ओरखडते.

शाईकडे येऊ. इथे कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि गैरसमजही सगळ्यात जास्त. कॅननच्या सुट्या रंगांच्या कार्ट्रिजच्या अनेक मॉडेलांत तळाला पारदर्शक प्लास्टिकचा प्रिझम असतो. रिकामी कार्ट्रिज मिळाली तर तिचा तळ टॉर्चखाली तिरका धरून बघा, प्रिझम चांदीसारखा चमकतो. आत थोडं पाणी किंवा शाई गेली की तीच जागा काळवंडते. कारण साधं आहे. प्लास्टिकमधून ४५ अंशांनी आलेला प्रकाश पलीकडे हवा असेल तर संपूर्ण परत फिरतो, कारण तिथला क्रांतिक कोन ४२ अंशांच्या आसपास असतो. पलीकडे पाण्यासारखी शाई असेल तर तो कोन ६० च्या वर जातो आणि प्रकाश शाईत निघून जातो. प्रिंटरमधला एलईडी खालून उजेड टाकतो आणि परत आला का एवढंच बघतो. किती शाई उरली हे या सेन्सरला कळत नाही, प्रिझमजवळची शाई संपली एवढंच कळतं. दहावीच्या प्रकाशाच्या धड्यासाठी याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही; शिक्षकांनी अशा दोन कार्ट्रिज जपून ठेवाव्यात.

टाकीवाल्या प्रिंटरांत मात्र बहुतेक वेळा टाकीत काहीच नसतं. स्क्रीनवरची पातळी म्हणजे किती थेंब उडवले याचा हिशोब. टाकी अर्धीच भरून ‘पूर्ण भरली’ असं बटण दाबलं तर हिशोब खोटा होतो, हेडमध्ये हवा शिरते आणि ती काढायला पुन्हा पुष्कळ शाई जाते. काचेतून डोळ्यांनी बघणं हाच तिथला खरा सेन्सर. वाया गेलेल्या शाईच्या पॅडचंही तेच. मेमरीत एक काउंटर वाढत जातो आणि ठरलेल्या आकड्याला मशीन थांबतं. सॉफ्टवेअरनं काउंटर शून्य केला की मशीन सुरू होतं, पण पॅड भिजलेलाच राहतो आणि काही महिन्यांनी शाई टेबलावर येते. काउंटर रिसेट करायचा तर पॅड बदलूनच. रिसेटचेच पैसे घेणाऱ्याला पॅड दाखवायला सांगा.

तापमानाचा सेन्सर थोडक्यात. एप्सनच्या पायझो हेडमध्ये, म्हणजे विजेनं आकार बदलणाऱ्या भागानं थेंब ढकलणाऱ्या हेडमध्ये, थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर) असतो. उष्णतेनं शाई पातळ होते, म्हणून थेंबाचा आकार राखायला हेडला द्यायचा विजेचा दाब बदलावा लागतो. एचपी आणि कॅननचे हेड शाई तापवूनच थेंब उडवतात. त्यांत तापमान मोजण्याची सोय हेडच्या सिलिकॉनवरच असते, ती वेगळी काढता येत नाही. घरगुती इंकजेटसाठी कामाची वरची मर्यादा साधारण ३५ अंश, फार तर ४० सांगितलेली असते आणि नागपूरचा मे ४५ पार करतो. बंद खोलीत दुपारी छपाई फिकी, पसरट आली किंवा नोझल वारंवार सुकले तर हेडला दोष देण्याआधी तेच काम सकाळी सातला करून बघा. थर्मिस्टर सुटा मिळाला तर तपासणी सोपी आहे. बाजारात सर्रास मिळणारा १० किलोओहमचा प्रकार २५ अंशांना १० किलोओहम दाखवतो आणि ४५ ला साडेचारच्या आत येतो. चिमटीत धरला तरी आकडा घसरताना दिसतो.

झाकणाचा स्विच म्हणजे साधा मायक्रोस्विच, शिकण्यासारखं त्यात काही नाही, काढून डबीत टाका. स्कॅनरची लांबट इमेज सेन्सरची पट्टी मोहात पाडते, पण तिला नेमक्या वेगाचं घड्याळ आणि ॲनालॉग सिग्नल वाचायची सोय लागते. पहिल्याच फटक्यात तिच्या मागे लागू नका. तिच्यातला लाल-हिरवा-निळा एलईडी मात्र लगेच कामी येतो. स्कॅनरची काच, दांडा आणि पट्ट्याची मोटारही ठेवा. एन्कोडरच्या जोडीला छोटा सरकता मंच बनवायला तेच लागतं.

किमतीच्या हिशोबानं बघायचं तर यू आकाराचा सुटा सेन्सर नागपूरच्या बर्डी बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तर्री-पोह्याच्या एक-दोन प्लेटच्या पैशांत मिळतो. नुसता तोच हवा असेल तर प्रिंटर खोलायची यातायात करू नका. एन्कोडर, चकती, दोन मोटारी, गुळगुळीत स्टीलचा दांडा आणि पट्टा, हे सगळं एकत्र हवं असेल तर कबाडातल्या प्रिंटरला तोड नाही. पॉलिटेक्निकच्या मुलांना प्रोजेक्टसाठी आणि दुरुस्ती शिकणाऱ्यांना आम्ही डोळे झाकून सुचवू. पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती एकट्यानं देऊ नका. कडेचा पत्रा हात कापतो आणि पॉवर सप्लाय धोक्याचा आहे. वेळेचं सांगायचं तर खोलायला दोन तास, एन्कोडर चालवायला एक दिवस धरा. उणी बाजू एवढीच की मॉडेलांचे नकाशे सहज मिळत नाहीत, पाय आपले आपण शोधावे लागतात, आणि त्यात एखादा सेन्सर जळतोच. म्हणून शक्य असेल तर एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर उचला.

उरलेला सांगाडा कचरागाडीत टाकू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बोर्ड आणि सप्लाय नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेले पाहिजेत. शाईचा पॅड नालीत पिळू नका. जाड पिशवीत बांधून त्याच सामानासोबत द्या. काढलेली एन्कोडरची पट्टी घडी घालून ठेवली तर घडीच्या जागी कायमची मोडते. ती कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीवर सैल बसवा, आणि तिचा सेन्सर त्याच नळीला दोऱ्यानं बांधून ठेवा.